सविस्तर चर्चेअंती

“हा विषय आपण मागच्याच बैठकीत मंजूर केला होता ना?” मास्तरीणबाईंनी विचारलं, आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बांधकाम मंडळाच्या बैठकीत माझ्याकडे कोणी बघत नाही. घड्याळाकडे बघतात, चहा आला का म्हणून दाराकडे बघतात, एकमेकांच्या नव्या चपलांकडेही बघतात. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून इतिवृत्त लिहितो, म्हणजे कोण काय बोललं आणि शेवटी काय ठरलं याची नोंद ठेवतो, आणि नोंद ठेवणारा दिसू नये अशीच सगळ्यांची अपेक्षा असते. माझीही असते. आता मात्र पाच सभासद, अभियंता आणि भिंतीकडेच्या बाकावर बसलेली एक बाई असे सात जण माझ्या तोंडाकडे बघत होते. समोर मागच्या बैठकीचं इतिवृत्त उघडं होतं. विषय क्रमांक नऊ, पाण्याच्या टाकीजवळील पायऱ्यांना लोखंडी कठडा बसविणेबाबत. खाली माझ्याच हातचं टाइप केलेलं, सविस्तर चर्चेअंती सदर विषय पुढील पाहणीपर्यंत तहकूब. ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे मला आठ दिवसांपासून माहीत होतं. आज उभं राहून सांगून टाकायचं, असं मी ठरवून आलो होतो. सकाळी आंघोळ करताना वाक्यंसुद्धा जुळवली होती. मी घसा खाकरला, चष्मा सारखा केला आणि म्हणालो, “तहकूब आहे, बाई.”

आवाज अगदी नेहमीचा निघाला, याचंच मला जास्त वाईट वाटलं. निदान चाचरायला हवं होतं. पण एकतीस वर्षं ज्या आवाजात विषय क्रमांक वाचले त्याच आवाजात मी खोटं बोललो आणि कोणाला काही वावगं वाटलं नाही. अध्यक्षांनी मान डोलावली. अध्यक्षांचं चष्म्याचं दुकान आहे. गावभर लोकांना वाचायला लावतात आणि स्वतः समोर आलेल्या कागदाचं फक्त शेवटचं पान बघतात, सही कुठे करायची ते शोधायला. त्यांना मी कधी दोष दिला नाही. दोष देण्यासारखं माझं तरी काय होतं? मंडळाचं इतिवृत्त मी बैठकीच्या आदल्या दिवशी लिहितो. हे कोणाला सांगायची गोष्ट नाही, आणि तसं पाहिलं तर सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे. दर महिन्याला तेच विषय येतात. गटाराची झाकणं, खड्डे, पदपथाच्या फरशा, एखादं वाकलेलं झाड, कोणाच्या तरी दारासमोरचा गतिरोधक. गटार असेल तर मंजूर. झाड असेल तर पाहणी. गतिरोधक असेल तर तहकूब. कठडे, बाकडी, दिव्याचे खांब, असं ज्यात नुसत्या माणसांची सोय आहे ते सगळं तहकूब. पहिली दोन वर्षं मी प्रामाणिकपणे बैठकीत बसून हाताने टिपणं काढली आणि रात्र रात्र जागून टाइप केली. मग एकदा आजारी असताना आधीच लिहून ठेवलं, आणि बैठकीत बघतो तर बारापैकी अकरा निर्णय जसेच्या तसे. मला हसू आलं होतं. पाच शहाण्या माणसांना जे कळायला दोन तास लागतात ते मला आदल्या दिवशी, शेंगदाणे खाता खाता कळतं, याची एक गुर्मी चढली, ती उतरलीच नाही. सूचक कोण आणि अनुमोदक कोण हेसुद्धा मीच ठरवायचो, पाळीपाळीने, कोणाला डावलल्यासारखं वाटू नये म्हणून. एक सभासद गावाला गेलेले असताना त्यांनी इथे तीन ठरावांना अनुमोदन दिल्याची नोंद आहे. परत आल्यावर त्यांनी ती कायम केली. बैठकीनंतर जिथे अंदाज चुकला तेवढं दुरुस्त करायचं आणि सकाळी सहीला पाठवायचं. पुढच्या बैठकीत सुरुवातीलाच अध्यक्ष म्हणतात, मागील इतिवृत्त वाचले असे समजून कायम. वाचले असे समजून. या तीन शब्दांवर माझं अर्धं आयुष्य नीट चाललं.

मागच्या बैठकीत पाच दुरुस्त्या निघाल्या, एरवीपेक्षा जास्त, कारण मास्तरीणबाई नव्या आलेल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, पहिलीच बैठक, आणि विषय वाचून आलेल्या. त्या प्रत्येक विषयावर बोलायला लागल्या तसं मी विषयपत्रिकेवर पेन्सिलीने खुणा करायला लागलो. पण माझं लक्ष उडालं ते त्यांच्यामुळे नाही. नववा विषय यायच्या जरा आधी दार ढकलून ताई आत आली आणि भिंतीकडेच्या बाकावर बसली. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. कठड्याचा अर्ज तिचा होता. लग्नानंतरचं आडनाव वेगळं, त्यामुळे कचेरीत कोणाला काही कळायचं कारण नव्हतं, आणि मीही कोणाला सांगितलं नव्हतं. ती येणार हे तिने मला कळवलं नव्हतं. अंगात कोपरावर ठिगळ लावलेला भाऊजींचा स्वेटर, हातात कापडाच्या तुकड्यांची शिवलेली पिशवी, आणि तोंडावर ते तिचं हसू, ओळख दाखवू की नको असं विचारणारं. मी मान खाली घातली. मला तिची लाज वाटली. हे आज सरळ लिहितो आहे, कारण त्या दिवशी बाकी कसलंही कारण नव्हतं. मी कागदात तोंड घालून बसलो आणि मनात म्हणत राहिलो, ही माझ्याशी बोलली नाही म्हणजे मिळवली. तेवढ्यात मास्तरीणबाई म्हणत होत्या की मी स्वतः त्या पायऱ्या उतरून पाहिल्या आहेत, बेचाळीस आहेत, मधे धरायला काही नाही, यात चर्चा कसली करायची. अध्यक्षांना दुकान उघडायचं होतं. “मंजूर. पुढे.” म्हणाले. मी ऐकलं. माझ्या हाताने विषयपत्रिकेवर नऊच्या पुढे पेन्सिलीने बारीक बरोबरची खूणसुद्धा केली. डोकं मात्र बाकावरून उठणाऱ्या ताईकडे होतं, ती जाताना माझ्या टेबलाशी थांबते की काय म्हणून. ती थांबली नाही. सरळ गेली. मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्यातच नववा विषय आधी लिहिलेल्या तहकूबवर तसाच राहिला.

मंडळाच्या कोठारात लोखंडी नळ्या पडून असतात. मंजूर झालेलं छोटं काम आठवड्याच्या आत होतं, तेवढी एक गोष्ट आमच्याकडे चोख आहे. दोन आठवड्यांनी ताईचा फोन आला. “मंजूर झालंय ना रे? मी होते की तिथं. अजून कोणी फिरकलं नाही.” त्या वेळी कपाट माझ्यापासून चार हातांवर होतं. उठून फाइल काढली असती तर तिथेच सगळं उघड झालं असतं. मी म्हणालो, “ताई, कागद फिरायला वेळ लागतो. तुम्हा लोकांना वाटतं झालं म्हणजे झालं.” ती लगेच वरमली. “हो रे बाबा, तुझी कामं तुला माहीत. मी आपलं विचारलं.” बोलून झाल्यावर मी चहा मागवला. त्यानंतर सहाव्या दिवशी भाऊजी त्या पायऱ्यांवरून पडले. ते शिंपी आहेत. वरच्या वस्तीत घर आणि खालच्या बाजारात दुकान, त्यामुळे बेचाळीस पायऱ्या रोज चारदा. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, चालतील, काठीने. पायाने शिवणयंत्र चालवण्याबद्दल ताईने विचारलं तेव्हा त्यांनी ताईऐवजी माझ्याकडे बघून मान हलवली. दवाखान्यात भाऊजी मला बघून उठायला गेले. उठता येत नव्हतं तरी गेले. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला म्हणाले, “हा आमचा मेहुणा. बांधकाम मंडळात आहे. याने शब्द टाकला म्हणून कठडा मंजूर झाला, नाहीतर आमचं कोण ऐकतंय. माझंच नशीब फुटकं, आठ दिवस दम धरायला हवा होता.” मी त्यांच्या पायाशी स्टुलावर बसलो होतो. कठडा मंजूर होऊन तीन आठवडे होत आले होते. पलंगाची कड धरून ताई उभी होती आणि ती माझ्याकडे बघत नव्हती, हे मला तेव्हा जाणवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी कचेरीत दार लावून मी जुनी विषयपत्रिका काढली. नऊच्या पुढे पेन्सिलीची खूण होती. शेजारी सही झालेलं इतिवृत्त ठेवलं. तहकूब. शिपायाने दार वाजवलं तेव्हा मी दोन्ही कागद फाइलीत सारखे लावले आणि फाइल जागेवर ठेवली. हातांना सवय आहे.

म्हणून आज ठरवून आलो होतो. आजच्या इतिवृत्तात एवढा एकच विषय मी आदल्या दिवशी कोरा सोडला होता. बाकी अकराचे निर्णय होऊन गेले होते, बैठक व्हायची होती. आणि विचारलं तेव्हा माझ्या तोंडून तहकूब गेलं. भीती कठड्याची नव्हती. एक चूक झाली, माफ करा, म्हटलं असतं तर ओरडले असते आणि विसरले असते. भीती मास्तरीणबाईंच्या पुढच्या प्रश्नाची होती. चूक झाली म्हणजे कशी झाली? आधी लिहून ठेवता? किती वर्षं? मग बाकीचं? त्या शाळेत पन्नास पोरांच्या वह्या एका नजरेत तपासलेल्या बाई आहेत, त्या सोडणार नाहीत, आणि मग माझी एकतीस वर्षं टेबलावर उलटी करून झटकली जातील आणि त्यातून शेंगदाण्यांची टरफलं पडतील. तेवढ्यासाठी मी गप्प बसलो. तेवढ्याचसाठी.

मास्तरीणबाई मात्र बसल्या नाहीत. “तहकूब कसं असेल? मी बोलले होते. मला माझं बोलणं आठवतंय.” अभियंत्याने हसून खांदे उडवले. हा गृहस्थ कुठलाही विषय निघाला की पाहणी करू म्हणतो, म्हणून कचेरीत त्याला सगळे पाहुणे म्हणतात. “बाई, तुमची पहिली बैठक होती. इथं सगळं भराभरा होतं. लेखी आहे ते खरं.” “मग या बाईंना विचारा,” मास्तरीणबाई बाकाकडे बोट करून म्हणाल्या. “अर्ज यांचा आहे. त्या दिवशी या इथंच बसल्या होत्या. सांगा हो, काय ठरलं होतं? तुमच्या समोर मंजूर झालं की नाही?”

ताई उभी राहिली. तोच स्वेटर. मला एकदम आमचं जुनं घर आठवलं, खिडकीखालचं वडिलांचं टेबल, आणि त्यावर पसरत जाणारी शाई. मी सहा-सात वर्षांचा असेन. वडिलांची नोकरीची कागदपत्रं सुकायला मांडलेली होती आणि दौत माझ्या हातून कलंडली. वडील दारात आले, त्यांनी टेबलाकडे बघितलं, अजून कोणी काही विचारलंही नव्हतं, तोवर ताई म्हणाली, “मी सांडली.” वडिलांनी तिला मारलं नाही. ते तिच्याशी अकरा दिवस बोलले नाहीत. ती पाटावर बसली की ते पान घेऊन उठायचे. त्या अकरा दिवसांत मी पोटभर जेवत होतो, शाळेत जात होतो, खेळत होतो, आणि बाराव्या दिवशी वडील तिला हाक मारून पाणी दे म्हणाले तेव्हा मला वाटलं होतं की झालं, मिटलं. तिने मला त्याबद्दल जन्मात कधी ऐकवलं नाही. आत्ता ती बाकाच्या पाठीवर हात ठेवून उभी होती आणि मी मनात म्हणत होतो, बोल ताई, खरं ते सांग, तुझ्या नवऱ्याचा पाय गेलाय, बोल. आणि त्याच्याच खाली, अगदी त्याच वेळी, मी म्हणत होतो, नको बोलूस. दोन्ही खरं होतं. तिने माझ्याकडे बघितलं. जेमतेम क्षणभर.

“तहकूबच झालं होतं,” ताई म्हणाली. “साहेबांनी वाचलं ते बरोबर आहे.”

“अहो, पण तुम्ही या दुसऱ्या अर्जात लिहिलंय की कठडा मंजूर असून बसवला नाही,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“ते माझं चुकलं. त्या दिवशी मी घरी जाऊन यांना मंजूर झालं म्हणून सांगितलं. खोटंच सांगितलं. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरत होते, म्हटलं तेवढंच बरं वाटेल. मग तेच धरून बसले, तेच अर्जात लिहिलं. या साहेबांचा काही दोष नाही त्यात.”

मला साहेब म्हणाली. दोनदा.

मग मास्तरीणबाई हळूहळू खाली बसल्या आणि समोरच्या कागदावर बोट फिरवत स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाल्या, “मग माझीच काहीतरी गल्लत झाली म्हणायची. वय झालं.” त्यांची काही गल्लत झाली नव्हती. त्या खोलीत त्या एकट्याच शुद्धीवर होत्या, आणि मी आणि ताईने मिळून त्यांनाही भ्रमात पाडलं. तरी शेवटचा प्रयत्न त्यांनी केला. “ते असू दे. आता माणूस पडलाय. आज तरी मंजूर करा.” त्यावर अभियंता पुढे झुकला. “आज केलं तर अडचण आहे, बाई. अपघात झाल्यावर आठ दिवसांत कठडा लावला तर आधी लावायला हवा होता हे आपण होऊन कबूल केल्यासारखं होतं. जरा थंड होऊ दे. पाहणी करू.” अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. “तहकूब. पुढे.” मी लिहिलं. आदल्या दिवशी कोरी सोडलेली जागा मी समोरचं ऐकून, शब्द न् शब्द बरोबर भरली. मग दहावा विषय, बाजारातल्या गटाराची झाकणं. मंजूर. अकरावा, झाड. पाहणी. सगळं मी लिहून ठेवलेलंच.

बैठक संपल्यावर अध्यक्षांना मी त्यांच्या खोलीत गाठलं आणि सगळं सांगितलं. पेन्सिलीची खूण असलेली विषयपत्रिका त्यांच्यासमोर ठेवली. आधी लिहून ठेवतो तेही सांगितलं. ते चष्मा काढून पुसत ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, कंटाळा होता. “तू आधी लिहितोस हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. बरं पडतं. पण आता याचं मी काय करू? त्या बाई सभेपुढे सांगून गेल्या की त्या घरी खोटं बोलल्या. आता तू म्हणतोस, त्या खोटं बोलल्या हेच खोटं. मी काय काय नोंदवू?” मी म्हणालो, “साहेब, ती माझी बहीण आहे.” ते थांबले. मग चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं, गिऱ्हाइकाकडे बघतात तसं. “मग तर विषयच संपला. उद्या तू खरं सांगितलंस तरी म्हणतील, नात्यातल्या माणसासाठी कागद फिरवला. बहिणीने वाचवलंय ना तुला? मग गप्प राहा. तिचं बोलणं तेवढं नीट लिही, तिच्या शब्दांत. पुढे कोणी विचारलं तर आपल्याला तेच उपयोगी पडणार आहे.” मी कागद उचलून बाहेर आलो. इतक्या वर्षांत मला कोणी इतकं समजून घेऊन काही सांगितलं नव्हतं.

ताई खाली दरवाज्याशी उभी होती. वाट बघत असावी, किंवा नुसतीच टेकली असेल. मी धापा टाकत गेलो. “ताई, मी साहेबांना सांगून आलो. मंजूरच झालं होतं. माझ्या हातून राहिलं.”

“माहीत आहे मला. मी होते ना तिथं.”

“मग तू असं का सांगितलंस?”

“सगळे तुझ्याकडे बघत होते,” ती म्हणाली. मग तिने विचारलं, “मग काय म्हणाले साहेब?”

“आता काही होत नाही म्हणाले. तू बोललीस ते नोंदवायचं म्हणाले.”

“मग नोंदव.”

“मी संध्याकाळी घरी येतो. भाऊजींना मीच सांगतो. पायांवर डोकं ठेवतो त्यांच्या.”

“नको.” ती इतक्या साधेपणाने नको म्हणाली की मी आणखी बोलायला तोंड उघडलं. तिने हाताने थांबवलं. “हे बघ, खाली बाजारात आजच कळेल सगळ्यांना. यांच्या कानावर जायच्या आधी मीच सांगणार आहे की कठडा मंजूर नव्हता झाला, मी खोटं सांगितलं होतं म्हणून. रागावतील. बोलणार नाहीत थोडे दिवस. तुझ्यावर यांचा फार जीव आहे, तेवढं एक राहू दे त्यांच्याजवळ. दुकान गेलं, आता बसून दुसरं काय करणार आहेत?”

“ताई, मी येतोच.”

“येऊ नकोस,” ताई म्हणाली. “तू आलास की ते तुझे आभार मानतील. माझ्यासमोर मानतील. ते मला बघवायचं नाही रे.”